डावीकडे झुकलेला ओळंबा

१८ नोव्हेंबर, सोमवार

कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो तर माझ्या नावाची पाटी धरून माणूस उभा. चोपन्न वर्षांत माझं नाव इतक्या ठळक अक्षरांत कुणी लिहिलं नव्हतं. जवळ जाऊन पाहिलं, तर पाटी पशुखाद्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून केलेली आणि माझ्या आडनावाखाली ‘दूध वाढवा, फरक पाहा’ असं छापलेलं. मन प्रसन्न झालं. नाशिकच्या कलामहाविद्यालयात एकवीस वर्षं शिकवून याच्या निम्मासुद्धा मान मिळाला नव्हता.

तिथून का निघालो ते एकदाच लिहून मोकळा होतो. विश्वस्तांच्या चिरंजीवांनी काढलेल्या निसर्गचित्राला मी भर वर्गात ‘फळा पुसायचं फडकं’ म्हणालो. फडक्याने तक्रार केली नाही, विश्वस्तांनी केली.

इथलं काम असं. पंचधारा सहकारी दूध संघाला पन्नास वर्षं होतायत. त्यानिमित्त संचालक मंडळाचं चौदा फूट बाय सात फुटांचं तैलचित्र एक जानेवारीला सभागृहात लागायचंय. ज्ञानू पेंटर म्हणून इथलाच जुना माणूस होता, त्याने ते निम्म्यावर आणलं आणि ऑगस्टमध्ये तो वारला. उरलेलं निम्मं माझं.

स्टुडिओ कसबा बावड्याच्या पुढे, उसाला चिकटून असलेल्या शेडमध्ये. पूर्वी इथे दूध थंड करायची यंत्रं होती; भिंतींना अजून आंबूस वास आहे. पण उत्तरेचा उजेड असा, की तेवढ्यासाठी माझ्या ओळखीच्या चार चित्रकारांनी एकमेकांचे गळे दाबले असते. पलीकडच्या खोलीत माझी खाट. मधल्या चौकटीला दार नाही, त्यामुळे पडल्या पडल्या अख्खं चित्र दिसतं.

चेअरमन धैर्यशीलराव स्वतः भेटायला आले. पांढरे कपडे, पांढरी गाडी, पांढरं हसू. माझा हात हातात घेतला तो सोडेचनात. म्हणाले, “पावणं, ह्यो आता तुमचाच गाव. फकस्त एक ध्यानात ठेवायचं. मी मध्ये.” मी विचारलं, चित्रात ना? “चित्रात बी,” ते म्हणाले.

ज्ञानूची बायको झुंबरबाई डबा आणते आणि झाडलोट करते. चित्राच्या बरोब्बर मध्यावर, तुळईपासून एक पितळी ओळंबा लोंबतो, गवंड्याकडे असतो तसा. दोनदा कपाळाला लागला म्हणून सोडायला गेलो, तर बाई किंचाळलीच. “हात लावू नगासा त्येला! त्यांनी सुदीक कदी लावला न्हाय.” ठीक आहे. एकवीस वर्षं प्राचार्य डोळ्यांसमोर लोंबत होते तेही सोसलं. हा निदान बोलत नाही.

२० नोव्हेंबर

संचालक अकरा. आज एकेक करून बसायला आले. बसायला कसले, चित्रात आपण केवढे ते मोजायला. उपाध्यक्ष उदयसिंह डावीकडे उभे आहेत, वजन एकशे दहा किलो. त्यांनी खिशातून टेप काढून आपली आणि धैर्यशीलरावांची छाती मोजली आणि अडीच इंचांचा हिशोब मागितला. महिला राखीव जागेवरच्या संयोगिताताईंच्या ऐवजी त्यांचे यजमान आले. म्हणाले, चेहरा तिचा काढा, बसतो मी. मीटिंगला बी मीच बसतोय की.

एकटे बाबालाल माणसात निघाले. दुधाचे टेम्पो त्यांचे. चित्रात उजव्या टोकाला आहेत. कागदात भडंग बांधून आणलं होतं, ते मलाच भरवत बसले. “मास्तर, मला न्हानगा काढा, कोपऱ्यात काढा, काय म्हणणं न्हाय. पर डोक्यावर केस काढा. अल्लानं नेलं ते तुम्ही द्या की.” महिन्याभरात पहिल्यांदा हसलो.

टेप लावून झाल्यावर मंडळींना वर्गातला पहिला धडा दिला. चित्रातलं वजन किलोत नसतं. गडद रंग फिक्यापेक्षा जड. घोळक्यापेक्षा एकटा उभा असलेला जड. आणि टोकाचा मधल्यापेक्षा जड, तराजूच्या दांडीसारखं. दांडीच्या टोकाला सुपारीचं खांड ठेवलं तरी ती झुकते, आणि बरोब्बर काट्याखाली पाटा ठेवलात तरी ढिम्म हलत नाही. डोळे अर्धे मिटून बघा, नाकडोळे विरघळतात आणि नुसती वजनं उरतात. बाकीच्यांनी डोळे मिटले ते मिटलेच. धैर्यशीलराव मात्र मन लावून ऐकत होते. “म्हंजे मधला माणूस कवाच जड होत न्हाय म्हणा की,” ते म्हणाले. “ज्ञानूनं बी हेच सांगिटलंतं.”

दुसरा धडा अंगठ्याचा, तो त्यांना दिला नाही. एक डोळा मिटायचा, अंगठा लांब धरून चित्रातलं एक माणूस झाकायचं. त्याच्याशिवाय चित्र लंगडलं, तर ठेवायचं. नाही लंगडलं, तर पुसायचं. या अंगठ्याखाली मी पोरांची वर्षावर्षाची मेहनत पुसायला लावलीये. आमची अनुजा आठ वर्षांची असताना तिने घराचं चित्र काढलं होतं: मी, ती, तिची आई, गुलमोहर. मी अंगठ्याने आई झाकली आणि म्हटलं, बघ, हिच्याशिवाय काही अडत नाही. विनोद होता. अनुजाने खोडरबर आणलं. आई दारात उभी होती, ते मला नंतर कळलं. पुढच्या वर्षी ती घरातूनही गेली आणि खरंच, काही दिवस तरी काही अडलं नाही.

२३ नोव्हेंबर

गंमत झाली. काल उदयसिंहांच्या कोटावर गडद हात दिला आणि आज ओळंबा सरळ लोंबत नाही.

डावीकडे, म्हणजे उदयसिंहांच्या बाजूला, तो अंगठाभर झुकलेला आहे. वारा नाही. पंखा बंद. तुळई पाणसळीने तपासली, सपाट आहे. दोरी बोटाने सरळ केली, सोडली, तर मांजर आपल्या जागेवर जाऊन बसावं तशी पुन्हा डावीकडे गेली.

मग वेडेपणा केला. उजवीकडच्या बाबालालच्या कोटावर काळ्या-तपकिरीचा हात फिरवला. (केसही दिले. भरपूर.) वळून पाहिलं तर ओळंबा सरळ. चित्रातल्या डावीकडच्या पडद्यावर लालसर छटा टाकली, तो केसभर डावीकडे. पुसली, सरळ.

म्हणजे हे यंत्र चित्राचं वजन दाखवतं. कसं, ते मला विचारू नका, मी कलाशाखेचा आहे. एकवीस वर्षं जे पोरांना तोंडाने सांगून घसा फोडला, ते एक पितळेचा गोळा मुकाट्याने सांगतो. नाशिकला असता तर मी दुपारी झोपा काढल्या असत्या.

२६ नोव्हेंबर

बाबालालचे केस जरा जास्तच झाले. ओळंबा उजवीकडे झुकला. डावं टोक रिकामं आहे, तिथे काहीतरी लहान, उजळ, एकटं हवं. चरवी कमरेवर घेऊन उभी असलेली एक बाई काढावी. दूध संघाच्या चित्रात अकरा संचालक आहेत आणि दूध काढणारं एक माणूस नाही, हे तसंही बरं दिसत नव्हतं.

चेहरा कुणाचा? अनुजाचा. माझ्याशी अजून बोलणारी जगात ती एकटीच, आणि तिचा फोटो पाकिटात होता. फिकट साडी, वळलेली मान, कमरेवर काळपट पितळी चरवी. दोन तासांत झालं. इतकं सहज कित्येक वर्षांत काही उमटलं नव्हतं. ओळंबा सरळ.

फोनवरून फोटो पाठवला. नाशिकहून तिचा लगेच फोन. म्हणाली, बाबा, एवढ्या वर्षांनी मला कशात तरी घेतलंत ते म्हशींच्या कामात? हसत होती. आवाज दमलेला वाटला. विचारलं तर म्हणाली, शाळेत परीक्षा चालू आहेत. तुमच्या वाढदिवसाला सतरा तारखेला बोलू, एक सांगायचंय.

२९ नोव्हेंबर

धैर्यशीलराव आले. संघाची निवडणूक लागलीये आणि उदयसिंह परवा विरोधी पॅनेलच्या स्टेजवर दिसले. “पुसा त्याला,” म्हणाले. “सभागृहात माझ्या शेजारी त्याचं थोबाड नको.”

मी म्हटलं, चित्राचा तोल जाईल. ते ओळंब्याकडे बघून हसले. “जाऊ द्या. सवय हाय त्याला.”

खोटं कशाला लिहू, मजा आली. अडीच इंच जास्तीच्या त्या छातीवर रुंद ब्रशाने मखमली पडदा ओढला. चेहरा शेवटी ठेवला होता. ओला रंग डोळ्यांवरून जाताना ते मोठे झाल्यासारखे वाटले. तसं होतंच, रंग फासला जातो. एकशे दहा किलो माणूस सात मिनिटांत नाहीसा.

३० नोव्हेंबर

उदयसिंह काल गेले. संध्याकाळी खुर्चीत बसल्या बसल्या, मी पडदा ओढला त्याच सुमाराला.

बाबालाल तिरडीला खांदा देऊन थेट इकडे आले. भडंग नाही, विनोद नाही. बराच वेळ स्वतःचा खांदा चोळत बसले. “मास्तर, सहा माणसं लावली होती. त्यो काय साधा गडी होता व्हय? पर उचललं, तर खांद्यावर काय न्हवतंच की. रिकामी चादर न्हेल्यागत. जाळायला ठेवला तर वाऱ्यानं हलाय लागला, वर लाकडं रचली म्हणून थांबला.” मी म्हटलं, धक्क्याने असं वाटतं. ते म्हणाले, “सहाच्या सहा जणास्नी?”

ओळंबा उजवीकडे. चांगला वीतभर.

२ डिसेंबर

झुंबरबाईला विचारलं. तिने भांडी घासता घासता सांगितलं, जणू गॅस कधी येतो ते सांगावं तसं.

चित्रात ज्याचा चेहरा आला त्याचं वजन चित्राकडे गेलं. त्याला पुसला, की तो गेला. आणि तोल गेलेला असताना तुम्ही काहीच केलं नाही, तर कधी त्याच रात्री, कधी चार रात्रींनी जड बाजूचा एक माणूस चित्र स्वतः पुसतं. ज्ञानूने धैर्यशीलरावांच्या सांगण्यावरून तिघे पुसले. मग त्याला ते सोसेना. पुसलेल्यांच्या बाजूला वजन हवं म्हणून त्याने उजव्या कोपऱ्यात स्वतःला काढलं. ते वजन जरा जास्त झालं. “सकाळी कोपरा कोरा. मला वाटलं त्यांनीच पुसला. मग खाटंकडं बगितलं. चादरीला वळी सुदीक न्हवती ओ, आन् त्ये वर पडलेलं.”

मी चिडून विचारलं, पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत? “तुमी इचारलं न्हाय,” ती म्हणाली. “आन् सांगून तुमी थांबला असता व्हय?”

दुःखाने माणसाचं डोकं फिरतं. उजवी बाजू मुद्दाम तशीच ठेवली. मी भोंदूंवर आयुष्यभर हसलोय, पितळेच्या गोळ्याला घाबरणार नाही.

३ डिसेंबर

सकाळी उजव्या टोकाला कॅनव्हास कोरा. घासलेला नाही, रंग लावलेला नाही. कोरा. मी दिलेले केससुद्धा नाहीत.

बाबालाल टेम्पोच्या केबिनमध्ये सापडले. त्यांचा भाऊ कामिल सांगत होता, जनाजा उचलताना लोकांनी तोल सावरायला हात वर नेले आणि तो वरच गेला.

माझ्यामुळे. मला एक गोष्ट खरी की खोटी ते बघायचं होतं म्हणून.

५ डिसेंबर

डावीकडे अनुजा आहे. हे एकच वाक्य दोन दिवस डोक्यात घणासारखं पडतंय. चित्र जाळून टाकावं? सगळे जळतील, तीही. तेवढी पट्टी कापून घ्यावी? पात्याच्या कुठल्या बाजूला ती जगेल, कुणाला ठाऊक. तिच्यावर ब्रश लावता येत नाही. आता तोल राखायचा, एवढंच हातात आहे.

मी हिशोब केला. उदयसिंह गेले, बाबालाल गेले, दोन्ही बाजू सारख्या व्हायला हव्यात. पण ओळंबा डावीकडे आहे. तिच्याकडे. एवढीशी आकृती, फिकट साडी, तिचं इतकं वजन असूच शकत नाही. डोळे अर्धे मिटून तासभर बघितलं तेव्हा सापडलं. चरवी. गडद, टोकाला, एकटी, सगळ्या फिक्या रंगात तेवढाच एक काळा ठिपका. पहिल्या वर्षाच्या पोरालाही दिसलं असतं.

रंगाच्या सुरीने चरवी खरवडून काढली. तिला कुठे धक्का लावला नाही, नुसती कमरेवरची चरवी. रंग अजून आत ओला होता, सहज सुटला. ओळंबा सरळ आला.

काम अचूक झालं. तिला वाचवलं. आज भाकरी गोड लागली.

७ डिसेंबर

जावयाचा, यशराजचा फोन.

अनुजा दवाखान्यात आहे. तिसरा महिना होता. सतरा तारखेला मला सांगणार होती. परवा दुपारी, शाळेत, अचानक. डॉक्टर चक्रावलेत म्हणाला. जुन्या तपासणीत सगळं दिसत होतं, आता काहीच नाही, इजा नाही, खूण नाही. कधी काही नव्हतंच, असं.

परवा दुपारी.

चरवी जड नव्हती. ओळंबा मला तेच सांगत होता, की तिथे दोन माणसं आहेत. आणि मी, एकवीस वर्षं वजन शिकवणारा —

फोनवर तिने विचारलं, बाबा, माझं काही चुकलं का. मी म्हटलं, विश्रांती घे.

८ डिसेंबर

चरवी परत काढायचा प्रयत्न केला. रंग त्या जागी धरत नाही. पानावरच्या पाण्यासारखा ओघळतो.

ओळंबा पुन्हा डावीकडे. आता का? तिच्याकडून तर काढून घेतलं होतं. ती आधीपेक्षा जड झाली आहे. हे वजन मला ठाऊक असायला हवं होतं, हे कुठल्याच धड्यात नव्हतं.

९ डिसेंबर

धैर्यशीलराव आले. पाकिटातून पाच पासपोर्ट फोटो काढून टेबलावर मांडले. विरोधी पॅनेल. म्हणाले, बारीक काढले तरी चालतील, मागच्या रांगेत, जागा तुम्ही ठरवा. माझ्याकडे बघून आवाज उतरवला. “पावणं, लेकीचं कळलं. वाईट झालं. तिला डाव्या टोकाला तुम्हीच उभी केली न्हवं? मग उजवीकडं वजन लागंल की तुम्हाला.”

त्याला सगळं माहीत आहे. म्हणून तो मध्ये आहे. टोकांची माणसं जातात, काट्याखालचा दगड राहतो.

तो गेल्यावर टर्पेंटाईनचं फडकं घेऊन त्याच्या चेहऱ्यासमोर उभा राहिलो. झुंबरबाई दारातून म्हणाली, “मधला पुसला तर दोनी बाजू एकदम कोसळतील. बगा बा. तुमची लेक हाय तितं.”

फडकं ठेवलं.

पहिला फोटो उजवीकडे काढला.

१० डिसेंबर

सकाळी तो नाही. ओळंबा डावीकडे.

दुसरा काढला.

११ डिसेंबर

सकाळी तोही नाही. चौकात दोन फ्लेक्स लागलेत, भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो तेच, पासपोर्टचे.

तिसरा काढला. मिशी नीट जमली. जमली याचं बरं वाटलं — आणि मग ओकलो.

१२ डिसेंबर

नाही. डावीकडे. चौथा. बाई चष्मेवाल्या, हसऱ्या. नाव विचारलं नाही.

उजवी जड ठेवायची, की रात्रीत उजवीकडचं जातं. रोज एक. मी चित्र काढत नाही, गव्हाण भरतो.

डेअरीवरचे लोक बोलतायत म्हणे, हल्ली मयत हलकं लागतंय.

१३ डिसेंबर

पाचवा.

१४ डिसेंबर

फोटो संपले. धैर्यशीलरावांना फोन केला. निवडणूक बिनविरोध झाली, आता फोटोंची गरज नाही म्हणाले, चित्र आवरा, वार्निश करा.

मी मागितले. ऐकू येईल इतक्या स्पष्ट शब्दांत मी माणसं मागितली. तो म्हणाला, “शोधा की तुम्हीच. गाव मोठं हाय.”

दुपारभर रस्त्यावर उभा राहिलो. वही घेऊन. चेहरे बघत. रसाच्या गाड्यावर एक म्हातारा — अर्धा उतरवला. त्याने वळून विचारलं, पावणं, माझं चित्र काढालाय व्हय? आणि टोपी नीट केली.

पान फाडलं.

ओळंबा डावीकडे. दोन वीत.

१५ डिसेंबर

एकच माणूस उरलं होतं ज्याला विचारावं लागत नव्हतं. आरसा लावला.

उजवा कोपरा. ज्ञानूची जागा. करडा स्वेटर, घाईने, चेहरा बिघडला, कुणीतरी म्हातारा दिसतो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट व्यक्तिचित्र. वर्गात आलं असतं तर फडकंसुद्धा म्हटलं नसतं.

मागे वळलो. ओळंबा सरळ.

केसभरही इकडे नाही, तिकडे नाही. तास झाला, दोन झाले. सरळ. एका टोकाला ती, एका टोकाला मी, मध्ये चौदा फूट. इतक्या जवळ आम्ही कधीच नव्हतो.

१६ डिसेंबर

सकाळी सगळे जागेवर. ओळंबा सरळ. मीही जागेवर. संपलं.

आणि अनुजा आली. न कळवता, यशराजला सांगून, एकटी. उद्या वाढदिवस म्हणून. उतरलेली आहे, साडी अंगावर टांगल्यासारखी. झुंबरबाईने तिला बघितलं आणि पदर तोंडाशी नेला.

ती चित्रासमोर उभी राहिली. स्वतःला बघितलं. म्हणाली, माझ्या कमरेवर चरवी होती ना बाबा? फोटोत होती. मी म्हटलं, जड होत होती.

ती स्वतःच्या कमरेवरच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून उभी राहिली, चित्रातल्यासारखीच.

सांगायला हवं. उजव्या कोपऱ्याला हात लावू नकोस, एवढंच. पण ती विचारेल का. मग ओळंब्याचं सांगावं लागेल. मग पाच तारखेचं.

उद्या सांगतो. वाढदिवस आहे. उद्या सांगितलं तर कदाचित —

१७ डिसेंबर

ताप. उठवत नाही. खाटेवरून लिहितोय.

अनुजा कधीपासून चित्रासमोर आहे. एक डोळा मिटलेला. अंगठा लांब धरलेला.

हसली. किती दिवसांनी. म्हणाली, बाबा, तो कोपऱ्यातला म्हातारा कोण? झाकून बघितला, त्याच्याशिवाय काही अडत नाही. तुमचीच शिकवण. वाढदिवसाची भेट, मी पुसून देते, तुम्ही पडून राहा —

नको म्हटलं. वळली नाही. मोठ्याने म्हटलं —

फडकं. टर्पेंटाईनचा वास.

ओरडलो. आवाज चौकटीपर्यंत जात नाही. आवाजाला काही — झुंबरबाई, झुंबरबाई डबा आणायला गेलीये —

पाय गेले. म्हणजे आहेत, चादर खाली बसत नाही. ती स्वेटरपर्यंत आली. किती नीट पुसते. कडेने, मग आत. मीच शिकवलं.

ओळंबा हलला

डावीकडे

अनू, थांब नको आता, ऐक, वही तुला सापडेल, उजवीकडे कुणालातरी काढ, कुणालाही, रात्रीच्या आत, विचारू नकोस कोण, आणि ती चरवी, तुझं काही चुकलं नव्हतं, ती चरवी मी